मी पाणी मागितलं होतं

हे मी बोलतेय आणि माझी मुलगी ऋतुजा लिहून घेतेय. माझं अक्षर आता असं झालंय की बँकेतला माणूस माझ्या सहीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि साहेबांना हाक मारतो. बोलणंही अजून थोडं तुटक येतं. ते ऋतुजा लिहिताना सरळ करते. मध्येच थांबून विचारते, "आई, आजीचं हे पण लिहायचं?" मी म्हणते, लिही. तुझ्या आजीला माहितेय मी सांगणार ते.

ज्यांच्या घरात कुणी भिंतीला हात लावून चालायला लागलंय, ज्यांच्या हातून कप सुटतात, जीभ जड झालीये, त्यांच्यासाठी मी हे सांगतेय. औषधांची नावं मला विचारू नका, ती डॉक्टरांना विचारा. मला फक्त माझ्यावर काय गुदरलं ते ठाऊक आहे.

सुई

मी सुनंदा. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये चौथ्या मजल्यावर आमचं घर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. लालबागची खोली विकून इथे आलो तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. वरती हवा येते, खाडीकडची मिठागरं दिसतात, यातच आम्ही खूश होतो. मी घरी साड्यांना फॉल-पिको करायचे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या साड्यांच्या कडा माझ्या हातून गेल्यात.

गणपतीच्या आधी एकदा सुईत दोरा जाईना. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. नवीन चष्मा आला, तरी दोरा सुईच्या नाकाच्या शेजारूनच जायचा. सुई दिसत होती, दोरा दिसत होता, पण हात नेमका शेवटच्या क्षणी घसरायचा. मग चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. सकाळी उठलं की मागून डोकं ठणकायचं आणि उलटी व्हायची. खालच्या मजल्यावरच्या एका बाईनं तर हळूच विचारलं, "काही गोड बातमी का?" मुलगी कॉलेजला गेलेली आणि हिला गोड बातमी हवी होती.

नवऱ्याला सांगितलं. अशोक अंधेरीला एका खाजगी ऑफिसात आहेत, सकाळी जातात ते रात्रीच येतात. म्हणाले, "ॲसिडिटी आहे, चहा कमी कर." केला. मग नवरात्र आलं. माझे नऊ दिवसांचे उपवास लग्नापासूनचे. त्यानंतर मी जे काही सांगायचे, त्याला सगळ्यांकडे एकच उत्तर तयार असायचं. तोल जातो, उपवास आहे. जीभ अडखळते, उपवास आहे. मी स्वतःसुद्धा तेच म्हणत होते.

मांडव

आमच्या बिल्डिंगच्या आवारात दरवर्षी देवी बसते. मराठी, गुजराती, मारवाडी सगळे मिळून. आधी आरती, मग गरबा. पाचव्या माळेच्या संध्याकाळी मी उतरले ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

आरती सुरू झाली. ढोल अगदी कानाशी वाजत होता. उदाचा धूर कोंडला होता. मी पाय फाकवून उभी होते, कारण जवळ घेतले की पडायला व्हायचं. टाळ्या वाजवायला हात उचलले तर एक हात दुसऱ्याला सापडेना. मग अंग डुलायला लागलं. पुढे, मागे, परत पुढे. मी थांबवायला गेले की उलट जास्त डुलायचं. मान हलायला लागली. पिन सुटून केस मोकळे झाले.

आत मी अगदी शुद्धीवर होते, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय. कोणती आरती चालली होती, कुणी कुठली साडी नेसली होती, सगळं कळत होतं. फक्त माझं शरीर माझं ऐकत नव्हतं.

शेजारच्या फ्लॅटमधली जिग्नाबेन ओरडली, "माताजी आयी! सुनंदाबेन में माताजी आयी!" ढोलवाल्याला हे कळताच त्यानं आणखी जोरात बडवायला सुरुवात केली. बायका बाजूला सरल्या. मला कुणीतरी धरेल म्हणून मी वाट बघत होते, आणि झालं ते उलटंच, माझ्याभोवती गोल मोकळी जागा झाली. मी गुडघ्यांवर पडले. पहिल्यांदा कुणी कुंकू लावलं, मग दुसरीनं, तिसरीनं. कपाळ भरलं तसं भुवयांवर, नाकावर. डोळ्यांत गेलं.

घसा कोरडा पडला होता. मी म्हटलं, "पाणी." आता ते कसं बाहेर आलं असेल ते ऐका. जीभ जड, एकेक अक्षर वेगळं, आवाज घोगरा. पा. णी. सगळ्या गप्प झाल्या. मग तांब्या आला. भरलेला, वर आंब्याची पानं. मी तोंड पुढे केलं.

त्यांनी ते पाणी माझ्या पायांवर ओतलं. पाय धुतले, पदरानं पुसले, आणि ते पाणी आपापल्या डोळ्यांना लावलं. मी परत म्हटलं, पाणी. त्यांनी परत पाय धुतले.

पाट

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणतो, संगमेश्वरच्या. सासरे गावी घर धरून असतात, आई बरीच वर्षं आमच्याकडे. बाई कडक. माझ्या हातच्या आमटीला त्यांनी आजवर कधी बरी म्हटलेलं नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, अंगात यायचं, तिच्याकडे पंचक्रोशी लोटायची, हे त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं.

त्या संध्याकाळी दोघीतिघींनी मला वर आणलं, अर्धं उचलून, अर्धं ओढून. आईंनी घटासमोर पाट मांडला, त्यावर मला बसवलं आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. सासूनं, सुनेच्या. मला रडायला आलं. त्या म्हणाल्या, "रडू नको गो, किती वर्षांनी आलीस." त्या माझ्याशी बोलत नव्हत्याच.

खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, असेल बाई. आपल्याला काय कळतंय? आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. आई माझे पाय चेपत होत्या. साबुदाण्याची खिचडी मला हातात मिळत होती. भांडी कुणीतरी दुसरं घासत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच डोकं फुटायला लागलं, पुन्हा उलटी झाली, तेव्हा मात्र मी ओळखलं की हे काहीतरी भलतंच आहे. मी आईंना म्हटलं, "मला बरं नाही, डॉक्टरकडे न्या." त्या म्हणाल्या, "झेपत नाही सुरुवातीला. अक्काला पण असंच व्हायचं."

संध्याकाळी बायका वर यायला लागल्या. नारळ, ओटीचं सामान, प्रश्न. मुलाला नोकरी कधी लागेल. नणंद कधी जाईल. एका बाईनं विचारलं, "काशीगावला जागा बघितलीय, घेऊ का?" माझी मान तर आपोआप वरखाली होत होती. तिनं तो होकार धरला, नमस्कार केला आणि गेली. घेतली की नाही, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

ऋतुजा भांडली. "आजी, आईला डॉक्टरकडे न्यायचंय." आईंनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "घट बसलेत. पाटावरची बाई घटांच्या आधी उठत नसते. दसऱ्याला घट उठले की ने तिला कुठं न्यायची तिथं." अशोक मध्येच उभे. ते आईपुढे कधी बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत.

त्या दिवसांत मला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी म्हणावं, ही आजारी आहे. एवढंच. मी ज्याला त्याला सांगत होते, आणि मी जितकं सांगत होते तितका माझा आवाज घोगरा होत होता आणि तितक्या समोरच्या बायका हात जोडत होत्या. पाटावरून उठून दार उघडून निघून जावं असं वाटायचं. पण उठायला गेले तर पडायचे, आणि पडले की म्हणायच्या, संचार वाढला.

चमचा

अष्टमीला रजा टाकून अशोक घरी होते. सकाळी माझ्यासमोर बसून पेपर वाचत होते. मी खिचडी खात होते. म्हणजे चमचा तोंडाकडे नेत होते. तोंडाच्या जवळ आला की हात थरथरायचा, आणि चमचा गालावर नाहीतर हनुवटीवर. साबुदाणे पदरात. परत भरला, परत गालावर. मला कळेना की पेपर खाली कधी गेला. हे माझ्याकडे बघत होते.

मग ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "आई, देवीला स्वतःचं तोंड सापडत नाही का गं?"

आई बाहेर आल्या. मी तेवढ्यात आणखी एक घास भुवईला लावला. कुणीच हसलं नाही. अशोक उठले, गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची आणली, मला तिच्यात बसवलं आणि ओढणीनं बांधलं. माणूस घाबरला की काय करतो ते मी त्या दिवशी बघितलं. त्यांनी चपलासुद्धा घातल्या नाहीत. आई दारात आडव्या उभ्या राहिल्या, "घट आहेत अशोक." ते म्हणाले, "बाजूला हो." बस्स, एवढंच.

वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ खुर्चीला धरायला आले. जिना अरुंद, प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची आणि मी खाली जिन्यात कोसळणार असं वाटून डोळे मिटायचे. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. बायका हात जोडून उभ्या होत्या. एकीनं झेंडूचं फूल टाकलं, ते माझ्या मांडीत पडलं. मला ते उचलून फेकून द्यायचं होतं. हात त्याच्या बाजूने जात राहिला.

बोट आणि नाक

मिरा रोडच्या डॉक्टरांनी स्वतःचं बोट समोर धरलं. म्हणाले, "माझ्या बोटाला हात लावा, मग स्वतःच्या नाकाला." सोपं. लहान मुलांचा खेळ. मी त्यांच्या चष्म्याला बोट लावलं आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातलं. त्यांनी टाच नडगीवरून खाली सरकवायला सांगितली, ती भलतीकडेच गेली. तळहात पटपट उलटसुलट करायला सांगितला, तो मध्येच विसरल्यासारखा थांबला. डॉक्टरांचा चेहरा बदलला आणि त्यांनी त्याच दिवशी एमआरआय करायला लावला.

त्या नळीत शिरताना मला मांडवाची आठवण आली. चहूबाजूंनी ठणठणाट आणि मध्ये मी. फरक एवढाच की इथे हातात एक रबरी फुगा दिला होता, घाबरलात तर दाबा म्हणून. मी दाबला नाही. एकदा दाबला की कुणीतरी येईल, ही खात्रीच मला पुरली.

लहान मेंदूत गाठ होती. मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या भागात. ऑपरेशन लगेच. डॉक्टरांनी अशोकना विचारलं, "इतके दिवस थांबलात कशासाठी?" अशोक स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत राहिले.

लहान मेंदू म्हणजे काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपल्याला वाटतं मेंदू एकच. डॉक्टर म्हणाले, हात उचल असा हुकूम मोठा मेंदू देतो. पण किती उचलायचा, किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, एका हाताबरोबर दुसरा, डोळ्यांबरोबर मान, बोलताना जीभ आणि श्वास, हा सगळा मेळ लहान मेंदू घालतो. आपल्याला पत्ताही नसतो. मी म्हटलं, म्हणजे शिलाई मशीनसारखं. पायडल मारलं की मशीन पळतं, पण सुई नेमकी कुठे थांबवायची ते उजव्या हाताच्या चाकावर असतं. माझं पायडल शाबूत होतं, चाक निसटलं होतं. डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. मला हे तुकड्यातुकड्यात बोलायला बराच वेळ लागला आणि त्यांनी तेवढा वेळ ऐकून घेतलं.

बाहेर येताना मला रडू फुटलं. अशोकना वाटलं गाठीचं ऐकून रडतेय. तसं नव्हतं. कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं की मी आजारी आहे.

वॉर्ड

ऑपरेशन मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात झालं. त्याचं फार काही आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. डोक्यामागे जड पट्टी, समोरची खिडकी दोन-दोन दिसायची, कूस बदलायची तर दोन माणसं लागायची. पहाटे वॉर्डातली मावशी यायची, अंग पुसायची, तिच्या हाताला फिनेलचा वास. मग चहा. मग डॉक्टरांची फेरी, पलंगाशी उभे राहून माझ्याबद्दल एकमेकांशी इंग्रजीत बोलायचे. पलंगाला दोन्हीकडून लोखंडी कठडे. रात्री मी ते धरून झोपायचे, कारण पडून असतानाही पडल्यासारखं वाटायचं.

गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता. अशोकनी हे सांगितलं आणि कठड्यावर डोकं टेकून उभे राहिले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी विचारलं, "हात बरा होईल?" ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात वेळ लागेल." मी विचारलं होतं ते हे नव्हतं.

आई एकदा डबा घेऊन आल्या. माझं मागचं डोकं भादरलेलं बघितलं. सवाष्णीच्या डोक्याला वस्तरा लागलेला त्यांना बघवला नसणार. डबा ठेवला, पदर तोंडाला लावला आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. ऋतुजा मला भरवत होती. आई आत आल्याच नाहीत.

चौथा मजला

घरी आले तीही खुर्चीतूनच. आणि मग अडकले.

वॉर्डात निदान माणसं येत-जात होती. इथे गॅलरीची ग्रिल, तिच्यापलीकडे मिठागरं, आणि मी. जिना म्हणजे दुसरा देश. हॉलमधून संडासापर्यंत जायचं तरी एक हात भिंतीला, एक ऋतुजाच्या खांद्याला. आंघोळीला दार उघडं ठेवायचं. पोटची पोर आपल्याला आंघोळ घालते तेव्हा बाई कुठे बघत असते, मला माहितेय. मी नळाकडे बघायचे.

अशोक ऑफिसातून दमून यायचे, मग मला फेऱ्या मारायला लावायचे. एकदा मी ताट सांडलं तर जोरात ओरडले, "बघून तरी धर ना." आणि स्वतःच गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी बघूनच धरत होते. बघायचं काम चोख होतं.

आई कामं करायच्या. सगळी. पण बोलायच्या नाहीत. नवरात्राचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. आणि बिल्डिंगमध्ये वेगळंच पसरलं. जिग्नाबेन दारात यायची, चप्पल काढायची, उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायची. आत कधी बसली नाही. पूर्वी हीच बाई माझ्या पलंगावर मांडी घालून गाठिया खायची. ती ऋतुजाला म्हणाली, "माताजी को बीच में उठाया ना, इसलिए ऑपरेशन हुआ." देवीला घट उठायच्या आत खुर्चीत घालून नेली, म्हणून देवी कोपली. हे आईंच्या समोर म्हणाली. मी आईंकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवशी मला इतका राग आला की मी पाण्याचा पेला भिंतीवर मारला. म्हणजे मारला भिंतीवर, लागला टीव्हीला.

या सगळ्यात एकच बरी गोष्ट होती, ग्रेसी. उत्तनची मुलगी, फिजिओथेरपी शिकलेली. उत्तनहून बसनं भाईंदरला यायची, पूल ओलांडून पूर्वेला, मग चार मजले चढून. घामानं भिजलेली यायची आणि पहिलं वाक्य म्हणायची, "आय, घाबरायचं न्हाय, आज पडायचंय आपल्याला." कसं पडायचं ते ती शिकवायची, गादीवर. पडायची भीती गेली की अर्धा तोल परत येतो, असं तिचं म्हणणं. टाचेला अंगठा लावून रेषेवर चालायला लावायची. मनगटाला मुगाची पुरचुंडी बांधायची, वजनानं हात कमी थरथरतो. कोपर टेबलावर रोवायचा आणि मगच बोट हलवायचं. म्हणायची, "हात हवेत ठेवशील तर तो भटकणार. त्याला टेकायला जागा दे. आणि जमेल तिथं वस्तूलाच हाताकडं येऊ दे." पेल्याकडे मी तोंड नेऊ लागले, पेला तोंडाकडे न्यायचं सोडलं. पाणी सांडायचं थांबलं.

हळदीकुंकू

संक्रांत झाली. दरवर्षी रथसप्तमीच्या आत आमच्याकडे हळदीकुंकू असतं. आईंनी वाणाला प्लास्टिकच्या चाळण्या आणल्या. मग मला म्हणाल्या, "यंदा ऋतुजा लावेल सगळ्यांना. तू आत पडून राहा, दार लोटून घेते. बायका उगाच पाया पडायला बघतील."

मी म्हटलं, "मी लावणार."

"अगो, कुणाच्या डोळ्यात बोट जाईल."

"मग पहिलं तुमच्याच जाऊ दे," मी म्हटलं. एवढं वाक्य मला एका दमात, न अडखळता आलं. ऋतुजा स्वयंपाकघरातून बघायला आली.

मी संध्याकाळी हिरवी साडी नेसले, म्हणजे ऋतुजानं नेसवली, डोक्याला रुमाल बांधला आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. मनगटाला पुरचुंडी. कोपर टेबलावर रोवलेला. समोर हळदीकुंकवाची कुयरी.

बायका आल्या. हॉल भरला. पण माझ्या समोरच्या खुर्चीवर कुणी बसेना. सगळ्या भिंतीला लागून उभ्या, आणि मला बघितलं की हात आपोआप जोडले जात होते. जिग्नाबेन दाराशी होती. ऋतुजा तिळगूळ घेऊन तशीच थांबली. मला वाटलं, संपलं. मी आता जन्मभर या पाटावरून उठत नाही.

आई आतून हात पुसत आल्या. सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर बसल्या. डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कपाळ पुढे केलं.

मी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. आधी हळद राहिलीच. हात निघाला आणि जवळ जाता जाता थरथरायला लागला, तोच जुना प्रकार. बोट त्यांच्या भुवईकडे, मग डोळ्याकडे. त्यांनी डोळा मिटला नाही.

"थांब," त्या हळू म्हणाल्या. "तू हलू नको. मी येते."

मी बोट तिथेच धरलं, कोपर टेबलात दाबून. आणि माझी सासू कपाळ घेऊन माझ्या बोटाकडे आली. टेकलं. मध्यभागी नाही, डाव्या भुवईच्या वर, आणि खाली लांब ओघळ. ऋतुजा ओला रुमाल घेऊन धावली. आईंनी तिचा हात बाजूला केला.

"राहू दे," म्हणाल्या. मग वळून बायकांकडे बघितलं, त्या वाकड्या कुंकवानिशी. "अंगात बिंगात काही आलं नव्हतं हिच्या. माझी सून आजारी होती. ती सांगत होती, मी ऐकलं नाही. मी तिला पाटावर बसवून ठेवली."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच कडक होता, फक्त बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत होती. मी इतके महिने ज्या वाक्यासाठी तडफडत होते ते ऐकून मला काय वाटलं, ते ऋतुजाला लिहिता येणार नाही, कारण तीही रडत होती.

जिग्नाबेननं जोडलेले हात सोडले. उंबरा ओलांडून आत आली, खुर्ची ओढली आणि कपाळ पुढे करून म्हणाली, "मेरेको भी लगाओ, सुनंदाबेन. आँख में मत डालना हं." मग एकेक करत सगळ्या. कुणाचं भुवईत, कुणाचं नाकाच्या मुळाशी, कुणाचं केसांत. कुणी पुसलं नाही. त्या संध्याकाळी आमच्या जिन्यावरून वाकड्या कुंकवाच्या बायका उतरत होत्या.

शेवटची बाई बसेपर्यंत मी दमून गेले. हात पार गळून गेला होता, जीभ जड झाली होती. मी म्हटलं, "पाणी." तसंच बाहेर आलं, तुटक आणि घोगरं, मांडवात आलं होतं तसंच.

हॉलमधल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या.

आई उठल्या. माठातून पेला भरून आणला, माझ्या मानेमागे हात घातला, जिथे केस अजून बोटभरही वाढले नव्हते तिथे, आणि पेला धरून ठेवला. मी तोंड पुढे नेलं आणि पाणी प्यायले.